आयडाहोचे बारा आणि न्यू जर्सीचे अकरा : २००८ ची डेमोक्रॅटिक उमेदवारी नेमकी कशी ठरली?

मोजपट्टी :

५ फेब्रुवारी २००८ च्या ‘सुपर ट्यूसडे’ला (अनेक राज्यांत एकाच वेळी मतदान होते तो मंगळवार) हिलरी क्लिंटन यांनी न्यू जर्सीची प्रायमरी, म्हणजे उमेदवारीसाठीची पक्षांतर्गत निवडणूक, सुमारे १,१२,००० मतांनी जिंकली आणि त्या विजयातून त्यांना बराक ओबामांपेक्षा ११ प्रतिनिधी जास्त मिळाले (५९ विरुद्ध ४८). त्याच दिवशी आयडाहो या विरळ वस्तीच्या, नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला हमखास नाकारणाऱ्या राज्यात अवघे २१,००० लोक कॉकसला, म्हणजे पक्षसमर्थकांनी प्रत्यक्ष जमून कौल देण्याच्या सभांना, जमले. त्यांतल्या सुमारे ८० टक्के लोकांनी ओबामांची बाजू घेतली आणि ओबामांना तिथे मिळालेली आघाडी होती १२ प्रतिनिधींची (१५ विरुद्ध ३). दुसऱ्या दिवशीच्या ठळक बातम्यांत न्यू जर्सी होते, आयडाहो कुठेच नव्हते. त्या वर्षीची डेमोक्रॅटिक उमेदवारी कशी ठरली हे समजून घ्यायचे असेल, तर माझ्या मते त्या दोघांच्या भाषणांपेक्षा या दोन राज्यांपासून सुरुवात करावी.

अमेरिकेत पक्षाच्या उमेदवाराला थेट मते मिळून उमेदवारी मिळत नाही. प्रत्येक राज्यातील मतदानानुसार पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडले जातात आणि ते प्रतिनिधी उन्हाळ्याच्या अखेरीस उमेदवार ठरवतात. इथपर्यंतची व्यवस्था दोन्ही पक्षांत सारखीच असते, फरक पडतो तो प्रतिनिधींच्या वाटणीत. रिपब्लिकन पक्षाने २००८ मध्ये अनेक राज्यांत ‘जो जिंकेल त्याला सगळे’ ही पद्धत ठेवली होती. म्हणून जॉन मॅकेन यांना फ्लोरिडात ३६ टक्के मते मिळाली तरी तिथले सर्वच्या सर्व ५७ प्रतिनिधी त्यांच्या खात्यात जमा झाले आणि ४ मार्चपर्यंत त्यांची उमेदवारी पक्की झाली. डेमोक्रॅटिक पक्षात मात्र मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी वाटण्याचे बंधन होते, ज्याला किमान १५ टक्के मते मिळतील तो वाटणीस पात्र असे, आणि बहुतांश प्रतिनिधींची वाटणी संपूर्ण राज्याच्या पातळीवर न होता एकेका काँग्रेशनल (प्रतिनिधिगृहाच्या) मतदारसंघाच्या पातळीवर होत असे.

या शेवटच्या तरतुदीत खरी मेख आहे. समजा, एखाद्या मतदारसंघाच्या वाट्याला चार प्रतिनिधी आहेत आणि लढत दोघांतच आहे. विजेत्याला ५२ टक्के मते मिळोत की ६०, वाटणी दोन-दोन अशीच होणार, कारण तिसरा प्रतिनिधी पदरात पाडून घेण्यासाठी ६२.५ टक्क्यांच्या पुढे जावे लागते. उलट तीन प्रतिनिधींच्या मतदारसंघात एका मताने पुढे असणाऱ्यालाही दोन-एक अशी वाटणी मिळते. याचा अर्थ असा की सम संख्येच्या मतदारसंघात भरपूर पैसे ओतून मते ५२ वरून ५८ टक्क्यांवर नेली, तर हाती काहीच लागत नाही. विषम संख्येच्या मतदारसंघात मात्र दोन टक्क्यांची खटपट एक प्रतिनिधी मिळवून देते. डेव्हिड प्लफ यांच्या नेतृत्वाखालील ओबामांच्या प्रचारयंत्रणेने हा हिशेब मतदारसंघागणिक मांडला होता. क्लिंटन यांच्या गोटात हॅरल्ड इकीज यांच्यासारखे नियमांचे मुरलेले जाणकार होते, तरीही त्यांच्या प्रचाराची आखणी मोठी राज्ये जिंकून ५ फेब्रुवारीलाच शर्यत संपवण्याच्या अपेक्षेवर बेतलेली होती.

ती अपेक्षा खोटी ठरली. त्या दिवशी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स क्लिंटन यांच्याकडे गेली आणि तरीही दिवसअखेर दोघांच्या प्रतिनिधींची संख्या जवळपास बरोबरीत राहिली. पुढच्या दोन आठवड्यांत वॉशिंग्टन, नेब्रास्का, लुइझियाना, मेन, व्हर्जिनिया, मेरीलँड, विस्कॉन्सिन, हवाई अशा लढती ओबामांनी ओळीने जिंकल्या. यांपैकी कितीतरी ठिकाणी क्लिंटन यांची कार्यालये नीट उभीही राहिली नव्हती, आणि पराभव मोठ्या फरकाने झाल्यामुळे प्रतिनिधींची दरी शंभराच्या पुढे गेली. त्यानंतर क्लिंटन यांनी ओहायो जवळपास नऊ टक्क्यांनी जिंकले, पण त्यातून मिळालेली आघाडी दहापर्यंतही पोहोचली नाही; पेनसिल्व्हेनिया नऊ टक्क्यांनी जिंकून जेमतेम डझनभर प्रतिनिधींची भर पडली. ज्या नियमामुळे पिछाडीवरचा उमेदवार तगून राहतो, तोच नियम त्याला पुढच्याची बरोबरी करू देत नाही. मार्चपासून जूनपर्यंत दूरचित्रवाणीवर जी ‘अटीतटीची लढत’ दाखवली जात होती, ती प्रतिनिधींच्या हिशेबात फेब्रुवारीतच संपत आली होती असे माझे मत आहे. जाणकारांनी आपली मते मांडावीत.

उंबरठा :

लेख वाचून असे वाटते की ओबामांच्या जागी एखादा चांगला गणिती उभा केला असता तरी चालले असते. प्रतिनिधींचा हिशेब मला मान्य आहे, पण हिशेब मांडायला आधी हाताशी मते लागतात आणि ती मते कुठून आली याबद्दल लेखात एक अक्षरही नाही.

२००७ च्या उत्तरार्धातील देशव्यापी पाहण्यांमध्ये क्लिंटन मोठ्या आघाडीवर होत्या. त्यांची अडचण ऑक्टोबर २००२ मधील त्या एका मतात होती, जे त्यांनी सिनेटमध्ये इराकवरील लष्करी कारवाईला अधिकार देणाऱ्या ठरावाच्या बाजूने दिले होते. त्याच महिन्यात इलिनॉय राज्याच्या सिनेटचे एक फारसे कोणाला माहीत नसलेले सदस्य, म्हणजे ओबामा, शिकागोतील सभेत या युद्धाला विरोध करत होते. २००८ पर्यंत डेमोक्रॅटिक मतदार युद्धाला इतका विटला होता की बाकी सगळ्या धोरणांत एकमेकांची झेरॉक्स वाटणाऱ्या या दोघांत फरक करण्यासाठी त्याला तेवढे एक कारण पुरले. ३ जानेवारीला आयोवात ओबामांना ३७.६ टक्के मिळाले आणि क्लिंटन तिसरे प्रमुख उमेदवार जॉन एडवर्ड्स यांच्याही किंचित मागे, तिसऱ्या क्रमांकावर गेल्या. नव्वद टक्क्यांहून अधिक गोऱ्या वस्तीच्या राज्यात हा माणूस जिंकू शकतो हे दिसल्यावरच दक्षिण कॅरोलायनातील कृष्णवर्णीय मतदार निर्धास्तपणे त्याच्यामागे गेला आणि २६ जानेवारीला तिथे ५५ विरुद्ध २७ असा निकाल लागला. आयोवा हातचे गेले असते, तर आयडाहोतील १५ प्रतिनिधींना कोणी विचारले नसते.

पैशाचाही उल्लेख हवा होता. त्या वर्षी एका व्यक्तीला एका उमेदवारास प्रायमरीसाठी जास्तीत जास्त २,३०० डॉलर देता येत होते. क्लिंटन यांच्या मोठ्या देणगीदारांनी ही मर्यादा लवकर गाठल्यामुळे त्यांच्याकडे पुन्हा हात पसरता येईना, तर ओबामांना इंटरनेटवरून पंचवीस-पन्नास डॉलर पाठवणारे लाखो लोक पुन्हा पुन्हा देऊ शकत होते. एकट्या जानेवारीत ओबामांनी ३.२ कोटी डॉलर जमवले आणि त्याच सुमारास क्लिंटन यांना स्वतःच्या खिशातून ५० लाख डॉलर प्रचाराला उसने द्यावे लागले.

मोजपट्टी :

उंबरठा, आयोवाविषयी आणि पैशाविषयी तुम्ही लिहिलेले योग्यच आहे, पण त्यामुळे माझे म्हणणे खोडले जात नाही. पैसा आला, तर तो कुठे खर्च करायचा हे ठरवावे लागते. सुपर ट्यूसडेच्या तीन दिवस आधी, २ फेब्रुवारीला, ओबामा कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीऐवजी आयडाहोतील बॉइसी शहरात होते आणि तिथे सुमारे १४,००० लोकांसमोर बोलत होते. दशकानुदशके रिपब्लिकन मत देणाऱ्या राज्यात इतक्या मोक्याच्या दिवशी जाण्याचे कारण नियमांशिवाय दुसरे सांगता येणार नाही.

हेच मतदान रिपब्लिकन पद्धतीने मोजले असते तर बहुधा क्लिंटन पुढे राहिल्या असत्या, कारण मोठी राज्ये त्यांच्याकडे होती. अर्थात नियम तसे असते, तर ओबामाही बॉइसीला गेले नसते, म्हणून अशा ‘जर-तर’ला मर्यादेपलीकडे महत्त्व देऊ नये.

हडसनकाठ :

न्यू जर्सीतील एका मतदाराची तक्रार नोंदवून ठेवतो. आमच्याकडे कोणत्याही पक्षात नाव न नोंदवलेल्या मतदाराला प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष जाहीर करून मत देता येते आणि मी तसेच केले होते. एडिसन आणि जर्सी सिटीच्या बाजूला माझ्या ओळखीच्या मराठी घरांत त्या महिन्यात नवरा ओबामांकडे आणि बायको क्लिंटन यांच्याकडे अशी सरळ फाळणी झालेली होती, आणि ग्रीन कार्डवर असल्यामुळे मत नसलेले मित्र सर्वांत जोरात वाद घालत होते.

तक्रार अशी की डेमोक्रॅटिक प्रायमरीत आमच्या राज्यात ११ लाखांहून अधिक लोकांनी मत दिले आणि आयडाहोत २१,००० लोक आले. मतदारांचे प्रमाण पन्नासपटीहून अधिक आणि बांधील (राज्याच्या कौलानुसार मत देणाऱ्या) प्रतिनिधींचे (१०७ विरुद्ध १८) मात्र जेमतेम सहापट. राज्याला किती प्रतिनिधी द्यायचे हे प्रायमरीला किती लोक आले यावर ठरत नाही. मागील अध्यक्षीय निवडणुकांत त्या राज्याने पक्षाला दिलेली मते आणि अध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजमधील त्या राज्याचे बळ, या दोन गोष्टींवरून ते सूत्र बनते. त्यामुळे जिथे कॉकस असते आणि माणसे कमी येतात, तिथे आलेल्या प्रत्येक माणसाचे वजन आपोआप वाढते. मोजपट्टी यांनी ओबामांच्या चमूच्या हुशारीचे कौतुक केले आहे, आणि ते रास्तही आहे. पण ज्या व्यवस्थेत माझ्या मताची किंमत बॉइसीतल्या माणसाच्या मताच्या कितीतरी कमी धरली गेली, त्या व्यवस्थेचेही थोडे वाभाडे काढायला हवे होते.

तिरकी रेघ :

मी त्या वर्षी आयोवातील एम्स येथे विद्यार्थी होतो. मत अर्थातच नव्हते, पण कॉकसमध्ये प्रेक्षक म्हणून बसता येत असे आणि ३ जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत मी एका शाळेच्या जिममध्ये जाऊन बसलो होतो. तारीख इतकी आधी आणल्यामुळे विद्यापीठाला हिवाळ्याची सुट्टी होती आणि विद्यार्थी गावी गेलेले होते. ओबामांचे कार्यकर्ते त्यांना त्या एका संध्याकाळपुरते परत बोलावण्याच्या मागे लागले होते, आणि बरेच जण आलेही.

सायंकाळी सात वाजता दारे बंद झाली. डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये गुप्त मतदान नव्हते. प्रत्येक उमेदवाराच्या नावाचा एक कोपरा ठरलेला होता आणि लोकांनी आपापल्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे होते. शेजारी, वर्गशिक्षिका, दुकानदार, सगळ्यांसमोर. मग मोजणी झाली आणि ज्या गटात उपस्थितांपैकी १५ टक्के लोक नव्हते तो गट बाद ठरला. त्यानंतरचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही, कारण बाद झालेल्या गटांतील माणसांना ओढण्यासाठी तिन्ही मोठ्या गटांचे लोक धावले. जो बायडन यांच्या कोपऱ्यात मूठभर माणसे होती आणि त्यांची मनधरणी करणाऱ्यांची संख्या त्यांच्याहून जास्त होती. बायडन यांना राज्यात एक टक्काही मिळाला नाही आणि त्याच रात्री त्यांनी माघार घेतली. त्यांची पाळी येण्याला आणखी एक तप जायचे होते.

हडसनकाठ यांच्या तक्रारीत तथ्य आहे. रात्रपाळीची परिचारिका, लहान मूल घरी असलेली आई, सैन्यात परगावी असलेला मुलगा, यांना कॉकसला जागाच नव्हती. तरीही एक गोष्ट नोंदवतो की २००४ मध्ये आयोवात सुमारे सव्वा लाख डेमोक्रॅट कॉकसला आले होते आणि २००८ मध्ये जवळपास २ लाख ४० हजार. बंद दारांच्या त्या पद्धतीतही नवी माणसे आत आणता येतात, हे तिथे ज्याने करून दाखवले त्याला त्याचा लाभ झाला.

अक्षांश :

कॉकस आणि प्रायमरीतला फरक मोजण्याची एक उत्तम सोय त्या वर्षी आपोआप झाली होती, ती इथे मांडतो. वॉशिंग्टन राज्यात ९ फेब्रुवारीला कॉकस झाले आणि त्यात ओबामांना ६८ टक्के मिळाले. दहा दिवसांनी त्याच राज्यात प्रतिनिधींशी संबंध नसलेली प्रायमरी झाली, तीत ओबामा ५१ विरुद्ध ४६ असे कसेबसे पुढे राहिले. नेब्रास्कातही हेच घडले. कॉकसमध्ये ६८ विरुद्ध ३२ आणि मे महिन्यातील बिनवजनाच्या प्रायमरीत ४९ विरुद्ध ४७. टेक्सासने तर दोन्ही एकाच दिवशी घेतले. ४ मार्चला दिवसभर प्रायमरी झाली, ती क्लिंटन यांनी ५१ विरुद्ध ४७ अशी जिंकली, आणि केंद्रे बंद झाल्यावर रात्री त्याच ठिकाणी कॉकस भरले, त्यात ओबामा पुढे गेले. एकूण बेरीज ओबामा ९९ आणि क्लिंटन ९४. दुसऱ्या दिवशी सकाळी जगभर ‘टेक्सास क्लिंटन यांच्याकडे’ अशा बातम्या होत्या.

नेवाडात ५१ विरुद्ध ४५ असा निकाल क्लिंटन यांच्या बाजूने लागूनही प्रतिनिधी १३ विरुद्ध १२ असे ओबामांकडे झुकले, हे त्याच पंक्तीतले. न्यू हॅम्पशायरमधल्या क्लिंटन यांच्या त्या गाजलेल्या विजयातून दोघांना प्रत्येकी नऊच मिळाले होते.

याचा परिणाम पुढे दिसला. टेक्सासची दुहेरी पद्धत २०१६ पासून बंद झाली आणि २०२० पर्यंत वॉशिंग्टन, नेब्रास्का, मिनेसोटा, कोलोरॅडो, मेन, आयडाहो ही राज्ये प्रायमरीकडे वळली. आयडाहोत २०१६ च्या कॉकसमध्ये क्लिंटन यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांना ७८ टक्के मिळाले होते. २०२० मध्ये प्रायमरी घेतल्यावर तिथे बायडन जिंकले.

चंद्रभागा :

नियमांची एवढी चर्चा झाली आणि मिशिगन-फ्लोरिडाचे नाव नाही, याचे आश्चर्य वाटले. या दोन राज्यांनी पक्षाने घालून दिलेल्या तारखेच्या आधी, अनुक्रमे १५ आणि २९ जानेवारीला, मतदान घेतले म्हणून डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीने त्यांचे सर्वच्या सर्व प्रतिनिधी रद्द केले. रिपब्लिकन पक्षाने त्याच गुन्ह्यासाठी निम्मे रद्द केले होते. फ्लोरिडात तारीख ठरवणारे विधिमंडळ रिपब्लिकन बहुमताचे होते, आणि शिक्षा मात्र १७ लाखांहून अधिक डेमोक्रॅटिक मतदारांना झाली. तिथे क्लिंटन ५० टक्के आणि ओबामा ३३ टक्के होते. मिशिगनमध्ये ओबामांनी मतपत्रिकेवरून आपले नावच काढून घेतले होते. क्लिंटन यांना ५५ टक्के मिळाले आणि ४० टक्के लोकांनी ‘कोणाशीही बांधील नाही’ या पर्यायावर खूण केली.

३१ मे रोजी राजधानी वॉशिंग्टनमधील एका हॉटेलात पक्षाच्या नियम समितीची बैठक झाली, ती मी सुरुवातीपासून पाहिली होती. सभागृहात घोषणा चालू होत्या. तोडगा असा निघाला की दोन्ही राज्यांचे प्रतिनिधी परत घ्यावेत, पण प्रत्येकाला अर्धेच मत असावे, आणि मिशिगनची वाटणी ६९ विरुद्ध ५९ अशी करावी. मतदानात मिळालेल्या टक्केवारीनुसार क्लिंटन यांना ७३ मिळायला हवे होते. म्हणजे ज्यांचे नाव मतपत्रिकेवरच नव्हते त्यांना ‘बांधील नाही’वाले सगळे दिलेच, वर क्लिंटन यांच्या खात्यातील चार काढून दिले. हॅरल्ड इकीज यांनी बैठकीत यावर कडाडून आक्षेप घेतला. त्या चारांनी निकाल बदलला नसता, हे मलाही कळते. पण एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास मते मिळवलेल्या आणि उमेदवारीच्या इतक्या जवळ पोहोचलेल्या पहिल्या स्त्रीला शेवटच्या आठवड्यात हा हिशेब दाखवला गेला, तेव्हा तिच्या समर्थक स्त्रियांनी चिडू नये, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

मोजपट्टी :

चंद्रभागा, फ्लोरिडाच्या मतदारांवर अन्याय झाला हे मान्य आहे आणि निम्म्या शिक्षेचा रिपब्लिकन मार्ग अधिक शहाणपणाचा होता हेही मान्य आहे. मात्र दोन गोष्टी जोडतो. ऑगस्ट २००७ मध्ये नियम समितीने फ्लोरिडाचे प्रतिनिधी रद्द केले, तेव्हा इकीज त्याच समितीचे सदस्य होते आणि त्यांनी त्या शिक्षेच्या बाजूने मत दिले होते. शिवाय या राज्यांत प्रचार न करण्याचे वचन क्लिंटन यांच्यासह प्रमुख उमेदवारांनी दिले होते. क्लिंटन जिंकत होत्या तोवर त्या दोन राज्यांची कोणाला आठवण नव्हती, आणि पिछाडी स्पष्ट झाल्यावर तो तत्त्वाचा प्रश्न बनला. ओबामांच्या बाजूनेही फेरमतदानाच्या प्रस्तावांना फारसा उत्साह दाखवला गेला नाही, तेव्हा साव कोणीच नव्हते.

‘एकूण मते कोणाला जास्त’ या वादाचेही तेच. मिशिगन धरले तर क्लिंटन किंचित पुढे, वगळले तर ओबामा पुढे, आणि आयोवा, नेवाडा, मेन, वॉशिंग्टन या कॉकस राज्यांनी माणशी मतांचे अधिकृत आकडेच जाहीर केले नव्हते. ज्याला जो निष्कर्ष हवा, त्याला तो काढता येत होता.

कृष्णाकाठ :

चर्चा अमेरिकेची आहे, तरी आपल्याकडच्या वाचकाच्या मनात येणारा प्रश्न विचारतो. आमच्याकडे उमेदवारी म्हणजे एबी फॉर्म. तो फॉर्म कोणाला द्यायचा हे पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या तासापर्यंत तो कोणाच्या खिशात आहे हे मतदारसंघातील कार्यकर्त्यांनाही माहीत नसते. ज्याला मिळत नाही तो बंडखोरी करतो किंवा महामंडळाच्या आश्वासनावर शांत होतो. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीआधी काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत प्राथमिक निवडणूक घेऊन उमेदवार ठरवण्याचा प्रयोग केला होता आणि महाराष्ट्रातील वर्धा व लातूर त्यात होते. पण तिथे मताधिकार पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरता होता, सर्वसामान्य मतदाराला नव्हता. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या आणि तो प्रयोग तिथेच विरला.

याच्या उलट अमेरिकेत पक्षनेतृत्वाला नको असलेला माणूसही स्वतःच्या हिमतीवर उतरू शकतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये त्याच राज्यात अनेकांच्या गर्दीतून प्रायमरी जिंकून ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात पोहोचले. त्यांच्याकडे स्वतःचा भरपूर पैसा होता ही गोष्ट खरी, पण तिकिटासाठी त्यांना कोणाच्या बंगल्याबाहेर ताटकळावे लागले नाही.

आता प्रश्न. एवढे लोकांच्या हाती दिल्यावर पक्षातल्या बड्या मंडळींचे काय उरते? आणि सुपरडेलिगेट हा प्रकार मग कशासाठी ठेवला?

मोजपट्टी :

कृष्णाकाठ, याचे उत्तर १९६८ मध्ये आहे. त्या वर्षी एकही प्रायमरी न लढवता ह्युबर्ट हम्फ्री यांना शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली, कारण बहुतेक प्रतिनिधी राज्याराज्यांतील पक्षपुढाऱ्यांच्या मुठीत होते. म्हणजे जवळपास तुमचा एबी फॉर्मच. सभागृहाबाहेर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांवर पोलिसांच्या लाठ्या चालत होत्या. त्या नाचक्कीनंतर नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने प्रतिनिधींची निवड खुली करण्याचे नियम केले आणि त्यातूनच आजची प्रायमरी व्यवस्था उभी राहिली. १९७२ मध्ये स्वतः जॉर्ज मॅकगव्हर्न या नियमांवर स्वार होऊन उमेदवार झाले आणि नोव्हेंबरमध्ये केवळ मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचे शहर एवढेच जिंकू शकले. १९८० मध्ये जिमी कार्टरही हरले. तेव्हा पुढाऱ्यांना वाटू लागले की लोकांच्या हातात जरा जास्तच गेले. १९८२ च्या हंट आयोगाने खासदार, गव्हर्नर आणि पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे सदस्य यांना कोणत्याही राज्याच्या कौलाशी बांधील नसलेली मते दिली. हेच ते सुपरडेलिगेट, जे १९८४ मध्ये प्रथम वापरात आले.

२००८ मध्ये त्यांची संख्या ८०० च्या आसपास होती आणि सुरुवातीला त्यांच्यात क्लिंटन सुमारे शंभराने पुढे होत्या. बिल क्लिंटन यांच्या आठ वर्षांच्या कारकिर्दीतील ओळखी, उपकार आणि नेमणुका यांचे ते फळ होते. फेब्रुवारीनंतर ही आघाडी हळूहळू विरघळली. जॉर्जियाचे खासदार जॉन लुइस, नागरी हक्कांच्या चळवळीतील एवढा मोठा माणूस, क्लिंटन यांचा पाठिंबा काढून ओबामांकडे आले, कारण त्यांच्या मतदारसंघाने प्रचंड बहुमताने ओबामांना कौल दिला होता. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींचा कौल पुढाऱ्यांनी उलटवणे पक्षाला घातक ठरेल, असे प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पलोसी जाहीरपणे सांगू लागल्या. पुढाऱ्यांना अधिकार होता, पण तो वापरण्याची छाती कोणाला झाली नाही. ३ जूनला मोंटाना आणि साउथ डकोटाचे मतदान झाले, त्या दिवशी सुपरडेलिगेटची रांग लागली आणि ओबामांनी उमेदवारीसाठी लागणारा २,११८ चा आकडा ओलांडला. क्लिंटन यांनी ७ जूनला माघार जाहीर केली, आणि २७ ऑगस्टला डेन्व्हरच्या अधिवेशनातील राज्यवार मोजणीत न्यूयॉर्कची, म्हणजे त्यांच्या राज्याची, पाळी आली तेव्हा मोजणी थांबवून ओबामांना एकमुखाने उमेदवारी द्यावी असा प्रस्ताव त्यांनी स्वतः मांडला.

२०१६ मध्ये सँडर्स यांच्या समर्थकांनी सुपरडेलिगेटविरुद्ध पुन्हा रान उठवले आणि २०१८ मध्ये नियम बदलला. आता चुरस असेल तर पहिल्या फेरीत त्यांना मत देता येत नाही. हा नियम २००८ ला लावून पाहिला तरी उमेदवार बदलत नाही, कारण बांधील प्रतिनिधींत ओबामांची आघाडी सव्वाशेच्या आसपास होती आणि एडवर्ड्स यांच्याकडे मोजकेच उरले होते, म्हणजे त्यांना निव्वळ बहुमत होतेच. बदलला असता तो मार्च ते जून हा काळ. ‘आम्ही मोठी राज्ये जिंकतो, म्हणून पुढाऱ्यांनी आमच्याकडे यावे’ या एकाच युक्तिवादावर क्लिंटन यांची मोहीम त्या तीन महिन्यांत उभी होती आणि नव्या नियमाखाली तो युक्तिवाद ऐकायला पहिल्या फेरीपुरते कोणीच शिल्लक नसते.

उंबरठा :

तरीही पेनसिल्व्हेनिया, इंडियाना, नॉर्थ कॅरोलायना इथे त्या तीन महिन्यांत लाखो नवे मतदार नोंदले गेले आणि ओबामांच्या कार्यकर्त्यांच्या याद्या तयार झाल्या, हे विसरू नका. नोव्हेंबरमध्ये इंडियाना १९६४ नंतर प्रथमच डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले आणि नॉर्थ कॅरोलायना १९७६ नंतर प्रथम. फेब्रुवारीत संपलेली लढत क्लिंटन यांनी जूनपर्यंत ओढली, म्हणून तिथे प्रायमरीचा खरा प्रचार झाला. याचे श्रेय तुमच्या हिशेबात कोणत्या रकान्यात लिहिणार?